उलट टपालाची कॅसेट

आईचा उजवा कान कधी गेला ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. मी सांगलीहून फोन करायची, ती गावाकडून ‘हां हां’ करायची आणि विचारलेल्या एकाही गोष्टीचं धड उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, म्हातारी मुद्दाम करते. मी तोंडानं फटकळ आहे हे सासरी-माहेरी दोन्हीकडे माहीत आहे, त्यामुळे फोनवर मी तिला नाही नाही ते बोलले. मग दिवाळीला गावी गेले. वडूजपासून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीवर शिट्टी मारत होता आणि आई त्याच्याकडे पाठ करून निवांत घेवडा निवडत बसली होती. मी मागे उभी राहून दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. मला माझी लाज वाटली.

तिला सांगलीला आणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उजव्यात आता काही उरलेलं नाही आणि डावाही उताराला लागलाय. मशीन लावलं तर आवाज पोचेल, पण माणूस काय बोलतोय ते उमजायचं थांबेल, आणि तेही वर्षाच्या आत. मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दवाखान्यातली माणसं वळून बघत होती. आईनं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग त्येंची टेप एकदा वाजीव. समदं बंद व्हायच्या आदी."

‘त्येंची’ म्हणजे माझ्या वडिलांची.

वडील फौजेत होते. आमच्या भागात फौजेत माणूस असणं यात नवल काही नाही. मी सात वर्षांची असताना सरहद्दीकडच्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, वर्दीतला, आणि त्यातही टोपीची सावली डोळ्यांवर आलेली. चेहरा मला त्या फोटोपलीकडे आठवत नाही. आठवतो तो आवाज. जाड, सावकाश, ऐकणाऱ्यानं गप बसावं असा. पुढं आयुष्यात मला कुणी दरडावलं की मी मनात त्या आवाजाकडं वळायची. माझा नवरा बिचारा सज्जन माणूस, पण त्याचा आवाज मला सुरुवातीची दोन वर्षं पोरकट वाटायचा, आणि त्यावरून मी त्याला बोललेही आहे.

हा आवाज मी ऐकला तो टेपवर. आमच्याकडे यंत्रालाही टेप म्हणायचे आणि कॅसेटलाही. जायच्या दोन वर्षं आधी वडील सुट्टीवर येताना टेप घेऊन आले. दुसरा एक टेप त्यांच्या तिकडच्या बराकीत चौघांत मिळून होता. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, आजी-आजोबांनाही नाही, आणि पत्र आलं की वाचायला मास्तरांच्या दारात जावं लागायचं. त्यावर वडिलांनी काढलेली ही तोड. ते तिकडे कॅसेटवर बोलायचे, कापडात शिवून ती टपालानं पाठवायचे, आणि ती आली की अख्खी आळी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमायची. टेप मधोमध पाटावर. आजोबा स्वतः बटण दाबायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

वडील आधी आजोबांशी बोलायचे, मग आजीशी, मग भावकीतल्या एकेकाची विचारपूस. आईचं नाव नाही. चारचौघांत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही ही रीत टेपलाही लागू होती. मग शेवटी ते माझ्याशी बोलायचे. "पोरी, तुज्या आयला सांग," असं म्हणायचे आणि मग जे काय सांगायचं ते सांगायचे. सगळी आळी ऐकत असायची, आई दाराआड उभी असायची, आणि तरी मी टेप संपल्यावर आत जाऊन तिला ते पुन्हा सांगायची. मला काम दिलेलं होतं ना. आई म्हणायची, आयकलं गं, मला काय कान न्हाईत व्हय.

ते गेल्यावर काही दिवसांनी त्यांची ट्रंक आली. तिच्यात कपड्यांखाली एक कॅसेट होती. आईनं ती कुणी बघायच्या आत काढली, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळली आणि आपल्या पेटीत तळाला ठेवली. तिचा समज असा, की ही त्यांनी भरली आणि पाठवायची राहून गेली. म्हणजे हिच्यात अजून कुणीच न ऐकलेलं बोलणं आहे. ती तिनं वाजवली नाही. वाजवायची तर सोप्यात, सगळ्यांसमोर, आजोबांच्या हातानं. आणि ते तिला नको होतं. मग टेप बिघडला. मग आम्ही मोठे झालो. मी एक-दोनदा म्हटलं, आण, सांगलीत वाजवून बघू. तिनं पेटीचं झाकण लावलं. एवढी वर्षं ती त्या कॅसेटच्या भरवशावर राहिली.

घरात ज्या दोन कॅसेट उरल्या होत्या त्यांवर काकांनी रेडिओवरची गाणी भरली. काकांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा ते वीस वर्षांचे होते, कॅसेट तालुक्याला गेल्याशिवाय मिळत नव्हती, आणि गाण्याचं वेड त्या वयाला असतंच. त्याआधी आमच्या गावात गाणं म्हणजे भजन, नाहीतर लग्नात कर्णेवाला यायचा त्याच्या तबकड्या. तो सुई ठेवेल तेच ऐकायचं. टेपमुळं पहिल्यांदा असं झालं की आपल्याला हवं ते गाणं, हव्या त्या वेळी, हवं तितक्यांदा. पंचमीला मी आणि चुलतबहिणी त्या गाण्यांवर सोप्यात नाचलो. त्या गाण्यांखाली वडील पुसले गेलेत हे मला कळत नव्हतं. आईला कळत होतं. ती त्या दिवशी शेतातून दिवेलागणीपर्यंत परतली नाही.

तर रिक्षातलं ते बोलणं झाल्यावर मी कॅसेट वाजवणारा माणूस शोधायला लागले. आता कुणाच्या घरात टेप आहे? गाणी सगळी खिशात, आणि गणपतीत भिंतीएवढे स्पीकर ट्रॅक्टरवर. मी कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. शेजारच्या वर्कशॉपमधला एक लेथचा मिस्त्री जुने टेप दुरुस्त करतो असं आमच्या शिपायानं सांगितलं. मिस्त्री पन्नाशीचे, मुसलमान, मूळचे इस्लामपूरचे. मी विचारलं तर म्हणाले, ताई, कॅसेट माझ्याकडे आणायच्या आधी कशातही घालू नका, जुनी फीत आहे, एका ओढीत तुटायची. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी या म्हणाले, आणि आईंना घेऊन या.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे तिन्ही भिंतींना कॅसेट. त्यांच्या वडिलांचं इस्लामपुरात कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. बारशाची वेगळी, लग्नाची वेगळी, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची वेगळी. ते रेकॉर्डवरून एकेक गाणं कॅसेटवर उतरवायचे आणि कव्हरवर वळणदार अक्षरात नावं घालायचे. एका कॅसेटला एक तास म्हणजे एक तास, मिस्त्री म्हणाले, घाई करायची सोयच नव्हती. पुढे मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील अशा पाट्या लागल्या, पाच मिनिटांत पाचशे गाणी, आणि वर्षभरात दुकान बंद झालं. हे सांगताना त्यांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. कॅसेटचे चारही स्क्रू काढून त्यांनी फीत बाहेर घेतली, आतला बुरशीसारखा थर कापसानं पुसला आणि ती नव्या खोक्यात बसवली. त्यात पाऊण तास गेला. आई खुर्चीत ताठ बसून त्यांच्या हातांकडे बघत होती.

मग त्यांनी आईच्या डाव्या कानाला हेडफोन लावून दिला, माझ्यासाठी स्पीकर बारीक चालू ठेवला, आणि बटण दाबलं.

आधी खरखर आली आणि मग एक म्हातारा बोलायला लागला. आवाज चिरका, बोलणं घाईघाईचं, कुणी पाठीस लागल्यासारखं. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, थोरल्या बैलाला लाळ्या झाला होता. माझे आजोबा. मग तसल्याच चिरक्या आवाजात आजी. मग काका. मग एक बाई, अगदी हळू. "बरं हाय. तुमी जपून ऱ्हावा." बस, एवढंच. मग एक लहान मुलगी भराभरा पाढे म्हणायला लागली.

मला कळायला तेवढा वेळ लागला. कॅसेट त्याच दोन-तीन असायच्या, येत-जात. वडिलांची कॅसेट आली की आम्ही ती आठ-पंधरा दिवस ऐकायचो, आणि मग सोप्यात बसून तिच्यावरच आमचं उत्तर बोलायचो आणि उलट टपालानं पाठवून द्यायचो. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसं. तेही तिकडे आमचं ऐकून त्यावरच बोलायचे. दोन वर्षं हे चाललं, आणि आपण पुसतोय असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही, कारण पुढची येणारच होती. ट्रंकेतून आली ती आमचीच गेलेली कॅसेट. त्यांनी ऐकली असेल, आणि उत्तर द्यायचं राहिलं.

आईचा चेहरा मी बघू शकले नाही. मी मिस्त्रींना म्हटलं, बंद करा, झालं. आणि मग माझा तोल गेला. मी आईला म्हटलं, "एवढी वर्षं पेटीत काय जपलंस तर आपलीच बडबड. तवाच वाजवली असतीस तर तवाच कळलं असतं." तिला ते ऐकू आलं नाही. मिस्त्रींना आलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, कॅसेट मधे थांबवत नाही आम्ही, बाजू संपू द्या. त्यांच्या वडिलांची शिस्त होती ती. मुलीचे पाढे संपले, एक खट्ट झालं, आणि दुसराच एक माणूस वाक्याच्या मधून बोलायला लागला.

आवाज बारीक होता. कोवळा. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेल्या पोराचा असतो तसा, आणि जरा लाजत बोलणारा. शेळी विकू नका म्हणत होता. इकडे थंडी लय हाय, पण मोजे मिळालेत. आई हेडफोन दाबून ऐकत होती. मग तिनं तो काढला.

"ह्ये न्हवंत त्ये," ती म्हणाली. "ह्यो कोन पोरगा हाय?"

मलाही तेच वाटलं. बराकीतला कुणी जोडीदार असेल, त्यानं आपल्या घरच्यांसाठी भरलेली असेल, कॅसेटची अदलाबदल झाली असेल. मी मिस्त्रींना तसं सांगितलं. वडिलांचा आवाज जाड होता म्हटलं, भारदस्त. मिस्त्रींनी कॅसेट मागे घेऊन आजोबांचं बोलणं पुन्हा ऐकलं, आणि मला विचारलं, तुमच्या घरी लाइट होती का?

नव्हती. टेप सेलवर चालायचा.

सेल उतरले की काय करायचा?

उन्हात ठेवायचो. आजी पत्र्यावर वाळवणाशेजारी ओळीनं मांडायची. त्यानं थोडी धुगधुगी यायची, आणि त्यावर पुढची कॅसेट ऐकायची. नवे सेल मी त्या दोन वर्षांत आणलेले पाहिले नाहीत.

मग मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. सेल उतरले की टेप हळू फिरतो. हळू फिरला की त्यातला आवाज जाड होतो, लांबतो. आमचं बोलणं हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं, म्हणून इथे नीट फिरणाऱ्या टेपवर ते चिरकं आणि घाईचं येतंय. घरी भरून घरीच ऐकलं तर फरक कळत नाही, पण ही त्या वेळी तिकडे गेली. वडिलांकडचा टेप चांगला चालत असणार. त्यांनी भरलं ते बरोबर भरलं, आणि तुमचं उत्तर संपलं त्यापुढचं त्यांचं आधीचं बोलणं पुसायचं राहिलं. ते तुम्ही घरी त्या उतरलेल्या सेलांवर ऐकलं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही जो आवाज ऐकलाय तो तुमच्या सेलांचा आहे. त्यांचा हा."

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, असं कसं, आजोबांना त्यांच्या पोराचा आवाज कळत नव्हता? आणि बोलता बोलता मला आठवलं की आजोबा टेप ऐकून म्हणायचे, फौजेचं अन्न खाऊन गड्याचा आवाज फुटला. मधल्या काळात वडील एकदाच घरी आले होते, दहा दिवस, आणि आजोबांसमोर ते मान खाली घालून हुं-हुं करण्यापलीकडे कधी बोलले नाहीत. आणि आई? लग्न झालं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची. सगळ्या सुट्ट्या मिळून वर्षभरही ती त्यांच्याजवळ राहिली नसेल. दिवसा बोलायची सोय नव्हती, आणि रात्री भिंतीपलीकडे सासू-सासरे, म्हणून जे काय बोलणं ते कुजबुजत. तिनं नवऱ्याचा मोकळा आवाज ऐकला तो दाराआडून, टेपवरच.

हे सगळं मी आईला कानात सांगितलं. थोडं थोडं, तीन-चारदा. मला वाटलं तिला पटणार नाही. ती म्हणाली, मग आपल्या टेपवर यायचा तसा करून दाखवा.

मिस्त्रींनी टेपचं मागचं झाकण काढलं. मोटारीला एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून त्यांनी आतला स्क्रू जरासा फिरवला, कॅसेट पुन्हा त्या खट्टपाशी आणली, आईला हेडफोन दिला आणि लावली. आणि ते आले. मी डोळे मिटले. तोच आवाज, जाड, सावकाश, मी उभं आयुष्य ज्याच्याकडं वळत आले तो. शेळीचं झालं, मोज्यांचं झालं, आणि मग:

"पोरी, तुज्या आयला सांग. डोळं दुकत्यात म्हनं तिचं. चुलीम्होरं लय बसू नगं म्हनावं. मी आलो की सातारला दावू."

त्यापुढे नुसती खरखर. आईनं डोळ्यांना पदर लावला नाही. ती मान हलवत होती, हो, हो, हेच, असं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, मघाशी बोलले त्याबद्दल. मी तसं काही केलं नाही. मी तिचा गुडघा धरून बसले.

मिस्त्री म्हणाले, आई, हाच मोबाइलवर घालून देतो, रोज ऐका. मी हेडफोन सरकवून ते आईच्या कानात सांगितलं, तर तिनं तो परत नीट लावला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मगाचा लावा. त्यो खरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी स्क्रू होता तिथं आणला आणि लावलं. तो कोवळा मुलगा पुन्हा बोलायला लागला, शेळी विकू नका, थंडी लय हाय, आणि पोरी, तुज्या आयला सांग. ‘आयला’ म्हणताना तो जरा अडखळत होता. जाड आवाजात ते कधी कळलंच नव्हतं. आईनं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा तिनं हातानंच थांबवायला सांगितलं. माझा मुलगा आता तीस वर्षांचा आहे. वडील गेले तेव्हा सत्तावीसचे होते.

"केवढंसं हुतं गं," आई म्हणाली. आणि ती रडायला लागली. ते गेल्याची तार आली तेव्हा ती रडली नव्हती, असं आजी सांगायची. आता ती मोठ्यानं रडत होती, आणि किती मोठ्यानं ते तिला कळत नव्हतं. "लेकरू हुतं की. आन् त्या थंडीत मोजं मिळालं म्हनून सांगतंय. मी त्येला धनी समजून भ्याले गं, पोरी. उगंच भ्याले."